किडनी पोचवायला पोलिसांची लॅम्बोर्गिनी : जीव नेमका वेगाने वाचतो की आणखी कशाने?

इटलीच्या पोलिसांची निळ्या-पांढऱ्या रंगाची लॅम्बोर्गिनी दर काही महिन्यांनी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून येते. गाडीचं पुढचं झाकण उघडतं, आत छोटासा फ्रिज दिसतो, त्यात डबा ठेवला जातो आणि गाडी हायवेवर सुसाट सुटते. डब्यात कुणाची तरी किडनी असते. मग पुढची चर्चा ठरलेली. कुणी म्हणतं, आपल्या पोलिसांनाही अशी गाडी द्या. कुणी म्हणतं, आपल्या खड्ड्यांतून ती चालवणार कुठे?

यातली मूळ घटना खरी आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इटलीच्या पोलिसांनी पादुआ शहरातून रोममधल्या जेमेली रुग्णालयात एक किडनी पोचवली. अंतर जवळपास ५०० किलोमीटर. एरवी गाडीने पाच तासांच्या आसपास लागतात, पोलिसांना सुमारे दोन तास लागले. म्हणजे सरासरी वेग ताशी २३० किलोमीटरच्या घरात. इटलीच्या महामार्गांवर साध्या माणसासाठी वेगाची मर्यादा ताशी १३० आहे.

आता यातली दुसरी बाजू. शरीरातून काढलेली किडनी नीट थंड ठेवली तर २४ तास, कधीकधी त्याहून जास्त वेळ टिकते. मग ताशी २३० ने पळायची गरज होती का? आणि लॅम्बोर्गिनी नसलेले मुंबई-पुण्याचे पोलीस गर्दीच्या रस्त्यांतून हृदय वेळेत कसं पोचवतात?

पोलिसांकडे लॅम्बोर्गिनी आली कुठून?

लॅम्बोर्गिनी कंपनी इटलीचीच. २००४ मध्ये कंपनीने तिथल्या पोलिसांना गाय्यार्दो ही गाडी दिली. पुढे तिच्या जागी हुराकान आली. ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन, ६१० हॉर्सपॉवर, सव्वातीन सेकंदांच्या आत शून्यावरून १०० चा वेग आणि ताशी सव्वातीनशेच्या पुढे जायची ताकद. पोलिसांच्या गाडीत त्यासोबत वायरलेस, टॅब्लेट, कॅमेरा आणि हृदय बंद पडल्यास शॉक देणारं यंत्र बसवलेलं आहे. इंजिन मागे असल्यामुळे डिकी पुढच्या बाजूला येते. तिथे अवयव, रक्त किंवा लशी नेण्यासाठी थंड कप्पा केला आहे.

ही गाडी रोज अवयव घेऊन धावत नाही. महामार्गावरची गस्त आणि पोलिसांची जाहिरात ही तिची एरवीची कामं. ती चालवायला खास प्रशिक्षण घेतलेले मोजकेच पोलीस असतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या तोंडावर तिने पुन्हा दोन किडन्या पोचवल्या, एक मोदेनाला आणि एक रोमला. तेव्हाही फोटो जगभर फिरले.

एक फोटो मात्र फारसा फिरत नाही. २००९ मध्ये पोलिसांची एक गाय्यार्दो एका कार्यक्रमाहून परतताना क्रेमोना शहरात अपघातात सापडली. गाडीचा चुराडा झाला आणि आतले पोलीस जखमी झाले. त्या दिवशी गाडीत कुठलाही अवयव नव्हता. पण प्रशिक्षित चालक आणि महागडी गाडी असली तरी समोरून अचानक कुणी आडवं आलं तर काय होतं, हे त्या दिवशी दिसलं.

लंडनची ती तीस मिनिटं

पोलिसांनी अवयवासाठी गाडी पळवण्याचा प्रकार लॅम्बोर्गिनीच्या आधीपासूनचा आहे. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनचं. ८ मे १९८७ ला, शुक्रवारी, स्टॅनस्टेड विमानतळावर एक यकृत उतरलं. ते केन्सिंग्टन भागातल्या क्रॉमवेल रुग्णालयात पोचवायचं होतं. अंतर २७ मैल, म्हणजे साधारण ४३ किलोमीटर, आणि मधे गर्दीचं लंडन शहर.

मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या रोव्हर गाड्यांनी ते अंतर सुमारे तीस मिनिटांत कापलं. गाडीत कॅमेरा लावलेला होता, त्यामुळे तो प्रवास आजही बघता येतो. बघणाऱ्याचं लक्ष साहजिकच वेगावर जातं. पण नीट पाहिलं तर वेगळीच गोष्ट दिसते. मोटरवेवर गाड्या शंभर मैलांच्या पुढे जातात खऱ्या, पण शहरात शिरल्यावर वेळ वाचवणारे लोक गाडीच्या बाहेर उभे आहेत. चौकाचौकात मोटरसायकलवरचे पोलीस थांबलेत, आडवी वाहतूक रोखून धरलीय आणि गाडी यायच्या क्षणी रस्ता मोकळा आहे.

भारतात ज्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात, ते हेच.

घड्याळ सुरू कधी होतं?

अवयव शरीराबाहेर किती वेळ टिकतो, हा या विषयाचा पाया आहे. दात्याच्या शरीरात अवयवाचा रक्तपुरवठा थांबवला, की त्या क्षणापासून मोजणी सुरू होते. अवयवात थंड द्रावण सोडतात, तो निर्जंतुक पिशव्यांत एकात एक बंद करतात आणि बर्फाच्या पेटीत ठेवतात. थंडीमुळे पेशींची भूक कमी होते, मरणं लांबतं. पण थांबत नाही.

साधारणपणे डॉक्टर पुढची वेळ धरतात.

हृदय : ४ ते ६ तास
फुप्फुसं : ४ ते ८ तास
यकृत : १२ तासांच्या आसपास
स्वादुपिंड : १२ ते २४ तास
किडनी : २४ ते ३६ तास
डोळ्यांचा कॉर्निया : योग्य द्रावणात काही दिवस

हृदयाचे चार तास म्हणजे प्रवासाचे चार तास नव्हेत. दात्याच्या शरीरातून हृदय काढून पेटीत ठेवायला वेळ जातो. रुग्णाच्या छातीत ते शिवून रक्त पुन्हा सुरू करायला तासभर तरी जातो. उरतात दोन, फार तर अडीच तास. त्यातच रुग्णालय ते विमानतळ, विमान, पुन्हा विमानतळ ते रुग्णालय असं सगळं बसवायचं. म्हणून हृदय आणि फुप्फुसांच्या बाबतीत पाच मिनिटांनाही किंमत आहे.

किडनीचं तसं नाही. ती लवकर बसली तर चांगलंच. शरीराबाहेर जास्त वेळ राहिलेली किडनी काम सुरू करायला उशीर लावते आणि रुग्णाला ऑपरेशननंतरही काही दिवस डायलिसिस करावं लागू शकतं. त्यामुळे तासांचा फायदा खरा आहे. पण किडनीसाठी मिनिटांशी झुंज नसते.

वेगाचं गणित काय सांगतं?

इटलीचं उदाहरण कागदावर मांडून बघू. ५०० किलोमीटर अंतर ताशी १३० ने, म्हणजे कायद्याच्या मर्यादेत राहून, पावणेचार तासांच्या थोडं वर लागतं. ताशी २३० ने दोन तास दहा मिनिटं. वाचली साधारण एक तास चाळीस मिनिटं. हृदय असतं तर हीच एक तास चाळीस मिनिटं निर्णायक ठरली असती. किडनीच्या २४ तासांत त्यांचं वजन कमी भरतं.

आता याची किंमत. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १३० च्या जागी २३० केलं की वेग पावणेदोन पटींनी वाढतो, पण ब्रेक लावताना किंवा धडकताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती तिपटीहून जास्त होते.

हेच गणित शहरात आणलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. समजा, विमानतळापासून रुग्णालय २० किलोमीटरवर आहे. संध्याकाळच्या गर्दीत गाड्या सरासरी ताशी २० ने सरकतायत. म्हणजे पोचायला एक तास. आता सगळे सिग्नल मोकळे मिळाले आणि रुग्णवाहिका न थांबता ताशी ६० ने गेली, तर २० मिनिटं. चाळीस मिनिटं वाचली.

इथून पुढे वेग वाढवत नेला तर? ताशी ८० ने १५ मिनिटं. ताशी १०० ने १२ मिनिटं.

म्हणजे रस्ता मोकळा केल्याने चाळीस मिनिटं वाचतात आणि मोकळ्या रस्त्यावर ६० च्या जागी १०० ने पळवल्याने फक्त आठ. त्या आठ मिनिटांसाठी धडकेची ताकद मात्र पावणेतीन पट होते. शहरात वेळ खाणारी गोष्ट कमी वेग नसते, तर थांबणं असतं. म्हणूनच भारतातल्या पोलिसांना लॅम्बोर्गिनीची उणीव भासत नाही. त्यांना लागतो तो रिकामा चौक.

ग्रीन कॉरिडॉर चालतो कसा?

भारतात या पद्धतीची चर्चा सुरू झाली ती २००८ च्या चेन्नईतल्या घटनेमुळे. अपघातात ब्रेन डेड झालेल्या एका किशोरवयीन मुलाचे अवयव त्याच्या डॉक्टर आई-वडिलांनी दान केले. त्याचं हृदय शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रुग्णालयात पोलिसांच्या मदतीने ११ मिनिटांत पोचलं. या घटनेवरून सुचलेला 'ट्रॅफिक' हा मल्याळम सिनेमा २०११ मध्ये आला. त्याच नावाचा हिंदी सिनेमा २०१६ मध्ये आला, आणि त्यात हृदयाचा प्रवास मुंबई ते पुणे असा दाखवला होता.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात गाजलेला प्रवास उलट दिशेने झाला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानाने मुंबईला आलं आणि मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं. दोन्ही शहरांत विमानतळाच्या रस्त्यावर ग्रीन कॉरिडॉर होता. मुंबईतलं याआधीचं हृदय प्रत्यारोपण १९६८ मधलं, केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केलेलं. तो रुग्ण काही तासच जगला होता. म्हणजे मधे जवळपास अर्धं शतक गेलं.

कॉरिडॉरची तयारी गाडी सुटायच्या बरीच आधी सुरू होते. महाराष्ट्रात अवयव कुणाला मिळणार हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठरवतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी केंद्रं आहेत. प्रतीक्षा यादीतून रुग्ण ठरला, की रुग्णालयाचे समन्वयक वाहतूक पोलिसांच्या कंट्रोल रूमला कळवतात. कुठून निघणार, कुठे जाणार, अंदाजे किती वाजता. मार्ग ठरतो आणि एखादा पर्यायी मार्गही हाताशी ठेवला जातो. वाटेतल्या चौकांवर पोलीस उभे राहतात, सिग्नल हाताने चालवले जातात.

पेटी रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडली की वायरलेसवर निरोप जातो. पुढे पोलिसांची पायलट गाडी, मागे रुग्णवाहिका. गाडी अमुक चौक ओलांडून गेली, हे पुढच्या चौकाला कळत राहतं. त्यामुळे पूर्ण रस्ता तासभर बंद ठेवावा लागत नाही. गाडी जवळ आली की आडवी वाहतूक थांबते, गेली की लगेच सुटते. चांगल्या कॉरिडॉरमध्ये एका चौकात थांबलेल्या माणसाला दोन-तीन मिनिटांपलीकडे फारसं काही जाणवत नाही.

काही शहरांनी तर रस्ताच टाळला. हैदराबादमध्ये २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जानेवारीत दात्याचं हृदय मेट्रोने नेलं. २०२५ मध्ये मधली स्थानकं न घेता मेट्रोने १३ किलोमीटर १३ मिनिटांत कापले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या मेट्रोने यकृत नेलं. मेट्रोला ना सिग्नल, ना खड्डे, ना आडवा येणारा रिक्षावाला. गाडीचा कमाल वेग इथे कुणी विचारतही नाही.

घाईत कुणाचा जीव धोक्यात येतो?

अवयव घेऊन जाणाऱ्या गाडीत फक्त पेटी नसते. चालक असतो, डॉक्टर असतात, तंत्रज्ञ असतात. रस्त्यावर इतर माणसं असतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पिंपरीतून फुप्फुसं घेऊन पुणे विमानतळाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेचा टायर फुटला आणि ती हॅरिस पुलाच्या कठड्याला धडकली. आतली वैद्यकीय टीम जखमी झाली. टीमचे प्रमुख शल्यचिकित्सक तशाच अवस्थेत दुसऱ्या गाडीने विमानतळावर पोचले, चेन्नईला गेले आणि तिथे वाट बघणाऱ्या रुग्णाचं ऑपरेशन पार पडलं. या घटनेचं खूप कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण धडक थोडी जोरात असती, तर त्या दिवशी दात्याची फुप्फुसं, एक कुशल टीम आणि चेन्नईतला रुग्ण असं सगळंच हातातून गेलं असतं.

अमेरिकेत ४ जून २००७ ला हेच घडलं. मिशिगन विद्यापीठाच्या प्रत्यारोपण टीमचं विमान फुप्फुसं घेऊन परतताना मिशिगन सरोवरात कोसळलं. विमानातले सहाही जण गेले. एका रुग्णासाठी निघालेली माणसं पुढे शेकडो रुग्णांच्या कामी आली असती.

त्यामुळे वेगाचा निर्णय अवयव पाहून व्हायला हवा. हृदय असेल तर कॉरिडॉर हवाच. किडनी असेल आणि हातात पंधरा तास शिल्लक असतील, तर सायरन लावून जीव मुठीत धरून पळण्यात अर्थ नाही. पोलिसांचं कौतुक किलोमीटर आणि मिनिटांत मोजण्याची सवय लागली, की पुढच्या टीमवर मागचा विक्रम मोडायचं दडपण येतं. बातमीच्या मथळ्यात १८ मिनिटं आली की पुढच्या वेळी कुणाला तरी १६ करावीशी वाटतात. रुग्णाला त्या दोन मिनिटांची गरज होती का, हे मथळा सांगत नाही.

पोलिसांचं जे काम कॅमेऱ्यात येत नाही

भारतात मेंदूमृत दात्यांमध्ये अपघातात डोक्याला मार लागलेल्यांची संख्या मोठी आहे. आणि अपघात म्हटलं की ती पोलीस केस होते. अशा केसमध्ये अवयव काढण्यापूर्वी रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं, कारण अवयव काढल्याने मृत्यूचं कारण शोधण्यात अडथळा यायला नको. हे सगळं रात्री दोन वाजता असू शकतं. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला ते ठाणं आणि रुग्णालय यांत दोनशे किलोमीटरचं अंतर असू शकतं.

इथे कागद अडकला तर कॉरिडॉरमध्ये वाचवलेली वीस मिनिटं कुठल्या कुठे जातात. ब्रेन डेड शरीर यंत्रावर फार काळ स्थिर राहत नाही. रक्तदाब कोसळतो, अवयव खराब होऊ लागतात. आणि घरच्यांची सहनशक्तीही संपते. ज्यांनी काही तासांपूर्वी मुलाचं, नवऱ्याचं, आईचं दान करायला होकार दिला, ते रुग्णालयाच्या बाकावर सहीची वाट बघत बसलेले असतात. काही कुटुंबं या टप्प्यावर कंटाळून होकार मागे घेतात.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला परवानगी दिली, ती देताना अवयवदानाच्या केसेसना प्राधान्य द्यावं असंही सांगितलं. ही बातमी लॅम्बोर्गिनीइतकी फिरली नाही. पण एका रात्रीचे दहा-बारा तास वाचवण्याची ताकद या परिपत्रकात आहे.

जो अवयव निघतच नाही

यातला सगळ्यात मोठा आकडा रस्त्यावर दिसत नाही. २०२३ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ७० हजारांहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी देशभरात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या होती सुमारे १,१००. अपघातात गेलेला प्रत्येक जण दाता होऊ शकत नाही, हे खरं. त्यासाठी माणूस रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असताना ब्रेन डेड व्हावा लागतो. तरीही दोन आकड्यांमधली दरी बोलकी आहे.

दहा लाख लोकसंख्येमागे मृत्यूनंतर अवयवदान करणारे भारतात एकाहून कमी आहेत. स्पेनमध्ये हाच आकडा २०२३ मध्ये ४९ च्या आसपास होता. लॅम्बोर्गिनीवाल्या इटलीतही तो २५ च्या वर आहे. तिथे ओळखपत्र काढायला पालिकेत गेलं की अवयवदानाबद्दलची इच्छा विचारली जाते आणि ती नोंदवता येते. म्हणजे त्या देशात किडनी वेळेत पोचते याचं एक कारण लॅम्बोर्गिनी असेल, पण किडनी मिळते याचं कारण पालिकेच्या खिडकीवर विचारलेला तो साधा प्रश्न आणि त्यामागची रुग्णालयांची यंत्रणा आहे.

भारतात अडचण कुठे येते? कायद्यानुसार ब्रेन डेथ जाहीर करायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या कराव्या लागतात. अनेक रुग्णालयांत हे मंडळच तयार नसतं, त्यामुळे रुग्ण ब्रेन डेड असूनही तशी नोंद होत नाही. नोंद नाही, म्हणून कुटुंबाला विचारलं जात नाही. विचारलं नाही, म्हणून कॉरिडॉरचा प्रश्नच येत नाही.

मग अवयव येतात कुठून? बहुतेक करून घरातून. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंत व्यक्तींनी केलेल्या अवयवदानांत जवळपास ६४ टक्के दात्या महिला होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुष जास्त. नवऱ्याला, मुलाला, भावाला किडनी किंवा यकृताचा भाग देणारी बाई कुठल्याही कॉरिडॉरमध्ये दिसत नाही. मृत्यूनंतरचं दान वाढलं असतं, तर तिच्यावरचा भार हलका झाला असता.

'नोट्टो' या अवयवदानाचं काम बघणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यांना सूचना पाठवल्या. प्रतीक्षा यादीत महिला रुग्णांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावं, ट्रॉमा सेंटरमध्ये अवयव काढण्याची सोय करावी, रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना संभाव्य दाता ओळखायला शिकवावं, समन्वयकांची कायमची पदं भरावीत, असं त्यात आहे. यातली प्रत्येक गोष्ट कंटाळवाणी वाटते. पण पेटी रस्त्यावर येते ती याच गोष्टींमुळे.

मग सामान्य माणसाने करायचं काय?

पहिली गोष्ट रस्त्यावरची. मागून सायरन वाजला तर बाजूला व्हायचं. आत अवयव आहे की बाळंतीण, हे बाहेरून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून आपली गाडी काढणं हा त्याहून वाईट प्रकार. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला तर अपघात ठरलेला.

दुसरी गोष्ट घरातली. अवयवदानाची नोंदणी आता नोट्टोच्या वेबसाइटवर आधारच्या मदतीने करता येते. पण नोंदणी केली तरी प्रत्यक्ष वेळी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात आणि घरचे नाही म्हणाले तर दान होत नाही. त्या क्षणी आई, बायको किंवा मुलगा पूर्ण कोलमडलेले असतात. आधी कधी विषयच निघाला नसेल, तर त्यांना निर्णय घेणं अवघड जातं. आधी बोलणं झालेलं असेल, तर फक्त गेलेल्या माणसाची इच्छा पाळायची उरते.

लॅम्बोर्गिनीचा व्हिडिओ पुढच्या वेळी समोर आला की तो जरूर बघावा. गाडी देखणी आहे आणि चालवणारे पोलीस खरंच कुशल आहेत. पण त्या डब्यातली किडनी गाडीपर्यंत पोचली, कारण पादुआमध्ये कुणीतरी आपल्या माणसाच्या उशाशी उभं राहून हो म्हणालं होतं. ताशी २३० चा वेग त्यानंतरचा.